जाणणे आणि ऐकणे : ख्रिस्ती श्रद्धा, परधर्म आणि बडोद्याचा एक प्रयोग

ख्रिस्ती माणसाला आपल्या धर्मापलीकडचे पाहण्याची मुभा नसते, असा समज आपल्याकडील सुशिक्षित वर्गात बराच रूढ आहे. हा समज अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. दहा आज्ञांपैकी पहिलीच आज्ञा दुसऱ्या देवाला जागा ठेवीत नाही. पित्याकडे नेणारा मार्ग आपणच आहोत, अशा आशयाचे येशूचे वचन योहानाच्या शुभवर्तमानात आहे. रोमन कॅथलिक चर्चने १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची जी यादी प्रसिद्ध केली, तिची परंपरा थेट १९६६ पर्यंत चालू राहिली. परंतु त्याच ‘नव्या करारा’त पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे उभा राहतो, तेव्हा तो त्यांच्याच कवींचा दाखला देऊन बोलतो. दुसऱ्या शतकातील जस्टिनला ग्रीक तत्त्वज्ञांच्या विचारांतही ईश्वरी शब्दाचे बीज दिसले. त्यानंतर थोड्याच काळाने टर्टुलियनने अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध तरी काय, असा रोखठोक सवाल केला. सारांश, धर्मवचनांच्या आधारे निवाडा करायला बसलो तर दोन्ही पक्षांना पुरतील एवढी वचने हाताशी येतात आणि वाद होता तिथेच राहतो.

म्हणून हा प्रश्न इतिहासापुढे नेणे इष्ट. श्रद्धावान ख्रिस्ती माणसे परधर्माच्या सहवासात आली तेव्हा त्यांनी काय केले, काय वाचले, काय लिहिले आणि काय ऐकून घेतले, हे पाहावे. या दृष्टीने मराठी भाषेइतका समृद्ध पुरावा भारतात फार थोड्या भाषांत असेल. गोव्यातील जेझुइटांपासून ही साखळी चारशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. आणि तिच्यातील एक महत्त्वाचा दुवा आपल्या बडोद्यात आहे. प्रस्तुत लेखात या साखळीतील काही दुवे तपासण्याचा विचार आहे.

१

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक साष्टी भागातच राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषा पाहिली, तर तिच्यामागे मराठी पुराणपरंपरेचा दीर्घ परिचय आहे हे सांगावे लागत नाही. ओवी हा छंद, पुराण हा आकृतिबंध, श्रोता-वक्ता संवादाची रीत आणि ‘वैकुंठ’सारखे शब्द, हे सारे त्याने आपल्या श्रोत्यांच्या ओळखीच्या वाङ्मयातून घेतले. ज्याला परधर्माचे वाङ्मय ऐकणेही वर्ज्य आहे, त्याच्या हातून असा ग्रंथ होणे शक्य नाही.

स्टीफन्स एकटा नव्हता. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची जुनी कोकणी व मराठी रूपे रोमन लिपीत उतरवलेली हस्तलिखिते आहेत. गोव्यातील मिशनऱ्यांच्या अभ्यासासाठी ती तयार झाली होती. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने सेंट पीटरच्या चरित्रावर रचलेले मराठी पुराण १६२९ च्या सुमारास छापले गेले. त्यात हिंदू कल्पनांचे तपशीलवार खंडन आहे. आणि हे खंडन करण्यासाठी त्याने हिंदू कथा किती बारकाईने अभ्यासल्या होत्या, याचीही साक्ष तेच पुराण देते.

आता दुसरी बाजू. याच साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली. गोव्यात धर्मन्यायालयाची स्थापना १५६० मध्ये झाली होती. हिंदूंचे ग्रंथ बाळगणे हाच तेथे अपराध ठरत होता. पुढे १६८४ मध्ये देशी भाषेचा वापर बंद करण्याचा फतवाही निघाला. म्हणजे एकाच प्रदेशात, एकाच धर्माच्या छत्राखाली, एक हात मराठी पोथी उतरवून घेत होता आणि दुसरा पोथी जाळत होता. हे दोन्ही हात एकमेकांच्या विरोधात होते, असे मानण्याचा मोह होतो. परंतु तसे म्हणता येत नाही. पोथी उतरवून घेणाऱ्याला ती खोडून काढायची होती आणि जाळणाऱ्याने त्याचे काम सोपे केले होते. ज्याची पोथी होती त्या माणसाला मात्र उत्तर देण्याची सोय कोठेच नव्हती. ख्रिस्ती श्रद्धेने येथे ज्ञान अडवले नाही. ज्ञानाला परतीची वाट ठेवली नाही.

२

एकोणिसाव्या शतकात मुंबईत हे चित्र पालटले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, झेंद अशा भाषांत त्याने गती मिळवली. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी आपले म्हणणे छापून प्रसिद्ध केले व विल्सनने १८३२ मध्ये त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. त्या पुस्तकाचा सूर आजच्या वाचकाला कठोर, प्रसंगी उर्मट वाटेल. परंतु गोव्यात न घडलेली एक गोष्ट येथे घडली होती. समोरच्याला बोलता येत होते, छापता येत होते, आणि त्याच्या युक्तिवादाची दखल घेणे मिशनऱ्याला भाग पडत होते. पारशी धर्मावरील विल्सनचा मोठा ग्रंथ १८४३ मध्ये निघाला. तो खंडनासाठीच लिहिला होता. तरी त्यामुळे मुंबईच्या पारशी विद्वानांना आपल्याच धर्मग्रंथांच्या भाषेकडे नव्या दृष्टीने पाहावे लागले.

ज्ञान एकदा मिळवले की ते मिळवणाऱ्याच्या हेतूत मावत नाही, याचा दाखला गुजरातेतच सापडतो. १८३५ मध्ये विल्सन गिरनारला गेला. तेथील प्राचीन शिलालेखाची नक्कल करून घेऊन ती जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचवण्यात त्याचा पुढाकार होता. ब्राह्मी लिपी उलगडल्यावर तो लेख अशोकाचा ठरला. त्या लेखांपैकी एकात इतरांच्या धर्मपंथांचा मान राखावा आणि एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा, असा स्पष्ट उपदेश आहे. हिंदू धर्माच्या खंडनासाठी ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या प्रयत्नातून परधर्मादराचा हा सर्वांत जुना राजलेख जगापुढे यावा, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

याच काळात जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ लिहिला. १८३९ मध्ये त्याला पहिले उत्तर आले ते सिहोरच्या सुबाजी बापू या मराठी पंडिताकडून. पाठोपाठ कलकत्त्याहून आणि काशीहून उत्तरे आली. म्यूर श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि आपल्या ग्रंथाने पंडितांची खात्री पटेल अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बदलला तो स्वतः. त्याने पुढील आयुष्य वेद-पुराणांतील मूळ वचनांचे पाच खंड संपादित करण्यात घालवले, एडिंबरा विद्यापीठात १८६२ मध्ये संस्कृतचे अध्यासन स्थापन केले आणि उत्तरोत्तर त्याच्या लेखनातील वादाचा आवेश ओसरत गेला. त्याने श्रद्धा सोडली नाही. मात्र ती बाळगण्याची त्याची रीत निराळी झाली.

काशीहून उत्तर देणारे तरुण पंडित म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातील गोरे यांनी विशीच्या उंबरठ्यावर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ लिहून म्यूरचे खंडन केले. १८४८ मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० मध्ये त्यांचे ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झाले. त्यात सहा दर्शनांचे ख्रिस्ती भूमिकेतून परीक्षण आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले की आपल्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. दोन्ही ग्रंथांचा कर्ता एकच, त्याची न्यायशास्त्रातील तयारी तीच, त्याला ठाऊक असलेली दर्शनेही तीच. ज्ञानाचा साठा जवळपास तोच राहिला, उभे राहण्याची जागा बदलली. श्रद्धेमुळे ज्ञान घटते किंवा वाढते, असा हिशेब येथे मांडताच येत नाही. त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धर्मांतरानंतरही गोरे यांची शंका शमली नाही. त्यांना आयुष्यभर शंकांनी छळले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्वतःशी वाद घालीतच राहिले. परधर्माचे खोल ज्ञान असलेल्या श्रद्धावानाला ही किंमत मोजावी लागते. आणि बहुधा याच किमतीच्या धास्तीने प्रत्येक धर्माची अधिकारपीठे आपल्या अनुयायांना फार खोल पाण्यात जाऊ देत नाहीत.

३

खंडनाच्या पुढची पायरी ‘परिपूर्ती’ची. जे. एन. फर्कर याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ख्रिस्त हा हिंदू धर्माचा मुकुट होय, अशी मांडणी केली. परधर्मात सत्याचा अंश आहे, पण त्याची पूर्णता ख्रिस्तात आहे, असा तिचा इत्यर्थ. महाराष्ट्रात ही भूमिका पुस्तकी राहिली नाही, कारण येथे ती जगणारा कवी होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु संतवाङ्मय त्यांनी मागे टाकले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, हे सर्वश्रुत आहे. अभंग, कीर्तन, भजन ही त्यांची उपासनेची साधने झाली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

त्याच वर्षी निकल मॅकनिकल यांनी मराठी संतांच्या निवडक अभंगांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे व रचना इंग्रजीत आणण्यासाठी स्वतंत्र ग्रंथमालाच चालवली. बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांची ओळख इंग्रजी वाचकाला झाली ती १९२९ मधील ॲबट यांच्या पुस्तकामुळे. अनुवादकाने मध्ये येऊन भाष्य करायचे नाही, संतांना बोलू द्यायचे, ही त्यांची शिस्त आजही अनुकरणीय वाटते.

परंतु परिपूर्तीच्या भूमिकेची मर्यादाही याच काळात उघड झाली. राजकोटच्या आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनमधील मिसेस सिंक्लेअर स्टीव्हन्सन यांचा जैन धर्मावरील ग्रंथ १९१५ चा. जैन घराघरांतून मिळवलेली माहिती, व्रते, विधी, साध्वींचा दिनक्रम यांची त्यातील नोंद अभ्यासकांना दीर्घकाळ उपयोगी पडली. एवढ्या परिश्रमानंतर अखेरच्या प्रकरणाला मात्र जैन धर्माचे ‘रिते हृदय’ अशा अर्थाचे शीर्षक आहे. सारे पाहून झाले, सारे लिहून झाले, आणि निष्कर्ष प्रवासाला निघण्यापूर्वीच ठरलेला होता. ज्यांच्या घरी बसून ही माहिती घेतली, त्यांना तो मान्य आहे का, हा प्रश्न ग्रंथरचनेत कोठे उद्भवतच नाही.

४

या पार्श्वभूमीवर बडोद्याकडे वळू. सयाजीराव महाराजांनी धर्माकडे पाहिले ते अभ्यासाचा विषय म्हणून. आणि तो अभ्यास राज्याच्या खर्चाने व्हावा असे त्यांना वाटले. धर्मानंद कोसंबी यांना त्यांनी साहाय्य दिले व बडोद्यात त्यांची व्याख्याने करविली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे १९१० मधील पुस्तक त्यांतून सिद्ध झाले. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनी केलेले ‘दीघनिकाया’चे मराठी भाषांतरही बडोद्याच्याच आश्रयाने निघाले.

या ‘दीघनिकाया’च्या पाली संहितेच्या इंग्लंडमधील दोन संपादकांपैकी एक होते जे. एस्टलिन कार्पेंटर. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकवीत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात त्यांच्याच हाताखाली शिकले. हे कॉलेज युनिटेरियन पंथीयांचे. प्रवेशासाठी कोणत्याही धर्ममताची कबुली तेथे द्यावी लागत नसे. शिंदे तेथे गेले ते प्रार्थनासमाजाचे प्रचारक होण्यासाठी आणि परत आले तेही प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणूनच. ख्रिस्ती संस्थेने आपल्या खर्चाने एका हिंदू तरुणाला सर्व धर्म शिकवावेत आणि त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट घालू नये, ही घटना ‘ख्रिस्ती श्रद्धा परधर्माचे ज्ञान नाकारते’ या विधानाला सरळ छेद देते.

मात्र येथेही एक तपशील नजरेआड करून चालणार नाही. युनिटेरियन पंथ त्रैक्याचा सिद्धांत मानीत नाही. इंग्लंडमध्ये १८१३ पर्यंत त्या मताचा उघड पुरस्कार कायद्याने गुन्हा होता आणि मुख्य प्रवाहातील अनेकांच्या लेखी ते ख्रिस्ती नव्हतेच. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेत कँटरबरीच्या आर्चबिशपांनी भाग घेण्यास नकार दिला होता; ख्रिस्ती धर्म हाच एक धर्म असताना इतरांच्या बरोबरीने एका व्यासपीठावर बसणे त्यांना मान्य नव्हते. परिषदेला काही कॅथलिक धर्मगुरू हजर राहिले, तर १८९५ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पुढे अशा परिषदांत सहभागी होण्यास मनाई केली. तेव्हा दार उघडे होते हे खरे. परंतु ते घराच्या मागील बाजूचे होते.

बडोद्याने हा विषय पुढील बाजूस आणला. महाराजांच्या योजनेनुसार बडोदा कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासाचे अध्यापन सुरू झाले आणि आल्बन विजरी हे केंब्रिजचे तत्त्वज्ञ १९१५ च्या सुमारास त्यासाठी येथे आले. विजरी श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ती गोष्ट त्यांनी लपवली नाही. १९१७ मध्ये त्यांनी रा. द. रानडे यांच्यासमवेत तत्त्वज्ञानाचे एक इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. गुरुदेव रानडे पुढे संतवाङ्मयाचे भाष्यकार आणि निंबाळच्या परंपरेतील साधक म्हणून विख्यात झाले. एक ख्रिस्ती आणि एक भक्तिमार्गी असे दोन संपादक एका नियतकालिकाला लाभणे त्या काळात नित्याचे नव्हते. महाराजांशी झालेल्या चर्चांतून सिद्ध झालेले विजरी यांचे नीतिविषयक पुस्तक १९२० मध्ये, तर धर्मांच्या तौलनिक अभ्यासावरील ग्रंथ १९२२ मध्ये बडोद्यात प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या ग्रंथाची मांडणी अर्थपूर्ण आहे. एकेका धर्माला एकेक प्रकरण देऊन शेवटी गुण वाटण्याची रीत त्यांनी टाळली. आत्मा, दुःख आणि पाप, मुक्ती, उपासना असे विषय घेऊन प्रत्येकावर निरनिराळे धर्म काय सांगतात, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. प्रश्न समान, उत्तरे अनेक, आणि ख्रिस्ती उत्तर त्यांतील एक. आर्चबिशपांना जी बरोबरी नकोशी झाली होती, ती येथे अभ्यासाची पद्धत झाली होती.

विजरी १९२२ च्या सुमारास बडोदा सोडून गेले. महाराजांची आस्था टिकून राहिली. १९३३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत त्यांनी उद्घाटनाचे भाषण केले. पण ज्या प्रयोगाचा आधार एका राजाची इच्छा हा होता, त्याला समाजाचे मूळ किती धरले, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर बडोद्याच्याच इतिहासात, आणि तेही नेमके १९१७ या वर्षी, लिहिले गेले आहे.

५

त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण अर्धवट ठेवून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले, हे आंबेडकरांनीच लिहून ठेवले असूनही फारसे सांगितले जात नाही. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. त्याने आपले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसरा भारतीय ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे तो म्हणाला. पुढे आंबेडकरांना कळले की ते पतिपत्नी मूळचे ब्राह्मण कुळातील होते. धर्मांतरानंतर पती विचाराने उदार झाला, पत्नीचे आचार मात्र जुनेच राहिले होते; अस्पृश्याला घरात ठेवणे तिला मानवले नसते. आंबेडकरांनी कामाठीबागेत उरलेला वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या घटनेत पारशी, हिंदू आणि ख्रिस्ती असे तीन धर्म एकत्र आले आहेत, आणि एका प्रश्नावर त्यांचे उत्तर एकच आहे. कॉलेजात त्याच सुमारास आत्मा आणि मुक्ती यांविषयी त्याच तीन धर्मांच्या मतांची तुलना शिकवली जात होती. हे लिहिताना विजरींच्या किंवा महाराजांच्या कार्याला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. परंतु आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. त्या ख्रिस्ती घराला परधर्माचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? जो धर्म सोडला त्याचे सारे आचार त्यांना जन्मापासून अवगत होते. ते ज्ञान इतके मुरलेले होते की धर्म बदलूनही गेले नाही. उणीव होती ती दाराशी आलेल्या माणसाची बाजू ऐकून तिच्यामुळे आपले वागणे बदलण्याच्या तयारीची. ही उणीव कोणत्याही धर्मग्रंथाने शिकवलेली नव्हती आणि म्हणून कोणत्याही ग्रंथाच्या अभ्यासाने ती आपोआप भरून निघण्यासारखीही नव्हती.

६

विसाव्या शतकात चर्चने या प्रश्नाला अधिकृतपणे हात घातला. १९३८ मध्ये मद्रासजवळील तांबरम येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत हेंड्रिक क्रेमर यांनी ख्रिस्ती संदेश आणि मानवी धर्म यांत मूलभूत अंतर आहे, असे आग्रहाने मांडले. त्याला तेव्हाच भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी विरोध केला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीची घोषणा संमत केली. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे तिने सांगितले. महाराष्ट्रात याचे फळ अनेक प्रकारे दिसले. जेझुइट फादर दलरी यांचा विठ्ठल संप्रदायावरील ग्रंथ १९६० मध्ये, म्हणजे परिषदेपूर्वीच, पुण्याहून निघाला होता. जर्मनीहून आलेल्या फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर प्रबंध लिहिला आणि पुण्याच्या स्नेहसदनात निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना समोरासमोर बसवले.

तरीही प्रवाह एकाच दिशेने वाहिला नाही. मुंबईत जन्मलेले आणि लोणावळ्याच्या साधना संस्थेमुळे ख्यातनाम झालेले फादर अँथनी डिमेलो विपश्यनेपासून सूफी बोधकथांपर्यंत सर्वत्र वावरले. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचा इशारा रोमहून प्रसिद्ध झाला. २००० मध्ये रोमने ख्रिस्ताच्या एकमेवतेवर पुन्हा भर देणारा दस्तऐवज काढला. या दोन्ही कृतींत परधर्म वाचू नका असे म्हटलेले नाही. वाचल्यावर स्वतःचे विधान बदलू नका, असे म्हटले आहे. गोव्यापासून रोमपर्यंत धागा हाच आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. ख्रिस्ती श्रद्धा परधर्माच्या ज्ञानाला विरोध करते, हे विधान इतिहासाला धरून नाही. परधर्मांविषयी एवढे लेखन करणारी परंपरा जगात विरळाच. अडवले गेले ते ज्ञान मिळवणाऱ्यावर होणारे त्या ज्ञानाचे प्रतिकार्य. जेथे सत्ता हाती होती तेथे ते फतव्याने अडले, जेथे नव्हती तेथे आधीच ठरलेल्या निष्कर्षाने अडले. आणि म्यूर, टिळक, ॲबट, कार्पेंटर, विजरी यांच्यासारख्यांच्या बाबतीत ते अडले नाही, तेही श्रद्धा असूनच अडले नाही. श्रद्धा हे येथे निर्णायक कारण दिसत नाही. समोरच्याला उत्तर देण्याची मोकळीक आहे की नाही, हे निर्णायक दिसते.

हीच कसोटी आपल्यालाही लावावी लागेल. मराठी वाचकाने ख्रिस्ती धर्माचे काय वाचले? स्टीफन्सच्या अकरा हजार ओव्यांपैकी मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्या आपण शाळेपासून पाठ म्हणतो आणि तेथेच थांबतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आपण मराठी गद्याचे भूषण मानतो. नारायणरावांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ किती घरांत आहे? गोरे यांचे दोन्ही ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटाबाहेर क्वचितच येतात. ज्या गोष्टीसाठी आपण दुसऱ्याला दोष देतो, ती आपण मुळात करूनच पाहिलेली नाही. मिशनऱ्याने निदान खंडनासाठी तरी आपली पोथी वाचली. आपण त्याची पोथी न वाचताच निकाल दिला.

आज गुजरातेत या प्रश्नाला केवळ पुस्तकी महत्त्व नाही. धर्मांतर घडविण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक करणारा कायदा राज्यात २००३ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. एवढे मात्र दिसते की, धर्मांविषयीचे बोलणे कचेरीच्या कक्षेत गेले की शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल सहज विचारलेल्या प्रश्नाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते. अशा काळात परधर्म जाणून घेण्याचे काम पुढे न्यायचे, तर ते साहित्यसंस्था, अभ्यासमंडळे, ग्रंथालये यांनाच करावे लागेल. त्याची सामग्री बडोद्यात उपरी नाही. कोसंबींची येथील व्याख्याने, राजवाड्यांचे भाषांतर, विजरींचा ग्रंथ आणि आंबेडकरांची ती काही पाने एकत्र वाचण्याचा उपक्रम हाती घेता येईल. त्या वाचनाला शहरातील ख्रिस्ती, पारशी, मुसलमान आणि बौद्ध वाचकांना केवळ श्रोते म्हणून नव्हे, तर वक्ते म्हणून बोलवावे. आपल्याविषयी ते काय म्हणतात, हेही त्या बैठकीत ऐकून घ्यावे लागेल.